राष्ट्रीय सन्मान आणि बुटाची नाडी

साहेबांच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या होत्या. सागवानी, वेताची, लोखंडी, आणि मांडववाल्याला परत द्यायची राहून गेल्यासारखी एक लाल प्लास्टिकची. प्लास्टिकची सगळ्यांत बुटकी, म्हणून बाकीच्यांचे पाय त्यांनी स्वतः करवतीनं कापून तिच्या मापाला आणले होते. त्यातून त्यांच्या आजोबांची सागवानी खुर्चीही सुटली नव्हती. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला त्या सागवानी खुर्चीत बसवलं आणि स्वतः लाल खुर्चीत बसले.

"उंच बसलेला माणूस ऐकत नाही, आणि खाली बसलेला खरं बोलत नाही," ते म्हणाले.

मी मान हलवली. खोली हवी असलेल्या माणसानं घरमालकाच्या कुठल्याही वाक्याला मान हलवायची असते. आणि मला खोली फारच हवी होती. लातुरात गल्लोगल्ली मुलींच्या हॉस्टेलच्या पाट्या आहेत, पण त्या मुलींना शिकवणाऱ्या एकट्या बाईनं खोली मागितली की घरमालकाला नेमका गावाकडून येणारा भाचा आठवतो. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते आणि असे बरेच भाचे ऐकून दमले होते. साहेबांनी मला लग्नाचं विचारलं नाही, जातीचं विचारलं नाही. चहा आणला, दोन्ही हातांत दोन कप धरून, आणि दोन्ही कप एकाच क्षणी खाली टेकवले. मग म्हणाले, "विचार करू."

मला वाटलं, गेली खोली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की किल्ली घेऊन जा. साहेब कुणालाच 'नाही' म्हणत नसत आणि 'हो'ही त्याच दिवशी म्हणत नसत, हे मला हळूहळू कळलं. भाजीवालीनं "साहेब, मेथी देऊ का?" विचारलं तरी विचार करू. ती बिचारी पुढची गल्ली फिरून परत येई, तोवर साहेबांचा विचार झालेला असे.

ते मूळचे निलंग्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शिकून दिल्लीला गेले, परराष्ट्र खात्यात लागले आणि निम्मी दुनिया फिरून निवृत्त झाल्यावर लातुरात घर बांधून राहिले. पत्नी गेलेल्या, मुलं परदेशात. निवृत्तीनंतर एका लहानशा देशानं त्यांना आपला राष्ट्रीय सन्मान दिला होता, राजनैतिक सेवेसाठी आणि दोन देशांतल्या संबंधांसाठी. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या गल्लीत ते कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, आणि साहेब स्वतः ते घेत नसत.

गल्लीला मात्र त्या सन्मानाचा भारी अभिमान. एका वाढदिवसाला पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. मागं पृथ्वीचा गोल, वर साहेबांचा फोटो, खाली नगरसेवकाचा. साहेब चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून तो बघत राहिले आणि पोरांना म्हणाले, "माझा फोटो खाली घ्या. ते निवडून आलेत, मी नेमलेला होतो." पोरांनी रात्रीतून नवा फ्लेक्स छापून आणला. नगरसेवक त्या दिवसापासून साहेबांना वाकून नमस्कार करायला लागला.

सन्मान कशासाठी मिळाला, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे त्यांनी लढाई थांबवली, कुणी म्हणे ते हेर होते. त्यांना विचारलं की ते म्हणत, "काही नाही. एका दाराचं काम होतं." त्यामुळे कोपऱ्यावरचा सुतार त्यांना आपल्या धंद्यातला समजून जरा जास्तच आपुलकीनं बोलायचा.

आणि ते बूट. लातूरच्या उन्हाळ्यात, जिथं माणसं लग्नालासुद्धा चपला घालून जातात, तिथं साहेब दूध आणायला नाड्यांचे काळे बूट घालून निघत. त्या नाड्या सारख्या सुटत. माझ्या समोरची गोष्ट सांगते. पाणीटंचाईचे दिवस होते, गल्लीत टँकर आला होता. टँकरला पाईप कुणाचा आधी लागला यावरून समोरासमोरचे दोन शेजारी हातघाईवर आले. दोघांना साहेब टँकरच्या शेजारीच उभे दिसले.

"साहेब, तुम्ही इथंच व्हता. खरं काय ते सांगा. कुणाचा पाईप आधी?"

"अरे, माझी नाडी सुटली होती," साहेब खालूनच म्हणाले. ते खरंच वाकून नाडी बांधत होते. "मी काही बघितलं नाही बाबा."

साक्षीदारच नाही म्हटल्यावर भांडणातला जोर गेला. दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांची थोडी विचारपूस केली आणि अर्धं अर्धं पाणी भरलं. मला साहेबांची कीव आली. म्हातारा माणूस, नाड्या जुन्या झाल्यात, कधी अडखळून पडायचा. मी बाजारातून नव्या नाड्यांची जोडी आणून दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि कपाटात ठेवून दिली. जुन्या नाड्या सुटतच राहिल्या.

संध्याकाळी मी क्लासवरून आले की ते गच्चीत दोन खुर्च्या टाकून बसलेले असत. मला शिकवायची सवय, त्यांना सांगायची. त्यांची दोन वाक्यं माझ्या कायमची लक्षात आहेत. एक म्हणजे, "चांगला समझोता तोच, ज्यातून दोघंही घरी जाऊन बायकोला सांगू शकतात की आपण जिंकलो." आणि दुसरं, "मान मनापासून द्यायची गरज नाही. नीट दिला की पुरे. मन मागून येतं, त्याला एसटी उशिरा मिळते." मी म्हणायचे, साहेब, हा दांभिकपणा झाला. ते म्हणायचे, विचार करू.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांना आमच्या पोळ्याचं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, आणि मी काही रडूबाई नाही.

आमचं गाव जळकोटकडचं. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून वेशीपाशी आणतात, वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण असतं, आणि मानाची जोडी त्याखालून आधी जाते. बाकीची जनावरं मागून. तो मान आमच्या आजोबांचा होता. आजोबा गेले, घराच्या वाटण्या झाल्या. शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, वाड्यात मधोमध भिंत घातली, पण मान कसा वाटायचा हे कुणाला सुचलं नाही. माझे थोरले काका, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं आणि म्हणून मीही म्हणते, ते म्हणाले की थोरल्याचा मान. बाबा म्हणाले की शेवटपर्यंत आजोबांना सांभाळलं मी, त्यांचे बैल सांभाळले मी, मान माझा. त्यावरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. दोघांचीही शेती आता ट्रॅक्टरवर चालते. बैल फक्त पोळ्यासाठी. बाबांची देवणी जोडी आणि अण्णांची लाल कंधारी वर्षभर गोठ्यात बसून पेंड खातात आणि एका दिवसासाठी जगतात. आदल्या वर्षी त्या दिवशी काठ्या निघाल्या होत्या. बाबांच्या डोक्याला टाके पडले, अण्णांचा हात गळ्यात आला. आता दोघंही म्हणत होते की यंदा बैल तरी आधी जाईल नाहीतर मुडदा तरी.

"अण्णांनी मला सायकल शिकवली साहेब," मी म्हणाले. "त्यांच्या घरी जायला मला भिंतीला वळसा घालून, तोंड लपवून जावं लागतं. मला या दोघांना मरायच्या आधी एकदा बोलताना ऐकायचंय. दुसरं काही नको."

साहेबांनी दोन्ही हातांनी हवेत एक माप धरलं. मग म्हणाले, "वेस केवढी रुंद आहे?"

"एका वेळी एकच जोडी जाईल एवढी."

"विचार करू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं गावी पोचलो. साहेबांनी आधीच बजावलं होतं की मुक्काम दोघांच्याही घरी नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांची सोय मेंबरनं केली. हे मेंबर वस्तीतले, म्हणजे गावाच्या पार टोकाला ज्यांची घरं आहेत त्यांतले. दोन वेळा निवडून आलेले, आडदांड आवाजाचे, आणि टोमणा मारताना समोर पाटील आहे की तहसीलदार हे न बघणारे. त्यांचीही एक जोडी होती. ती पोळ्याला सगळ्यांत शेवटी जायची, त्यांच्या आजोबांपासून. त्यांनी साहेबांना खाट दिली आणि विचारलं, "साहेब, परदेशात भावकी असती का?"

"असते की," साहेब म्हणाले. "तिला तिथं शेजारी राष्ट्र म्हणतात."

दुपारचं जेवण अण्णांकडे, रात्रीचं बाबांकडे. दोन्ही घरी त्यांनी एकच तोडगा मांडला. दोन तोरणं बांधू, एक वेशीला, एक शेजारच्या बोळाला, दोन्ही जोड्या एकदम आत. जगात असंच करतात, त्यांनी सांगितलं, दोन दारं काढतात.

अण्णा म्हणाले, "बोळातून जाया आमची काय शेरडं हायती का? मान एकच ऱ्हातो साहेब. दोन केले की त्यो मान न्हाई, परसाद झाला."

बाबांनी तर ताट बाजूला सारलं. "एकदम जाऊन काय करू? मान वाटून घ्याचा व्हता तर डोसकं फोडून कशापायी घेतलं म्या?"

परत येताना साहेब म्हणाले, "दोघं सख्खे भाऊ आहेत यात शंका नाही." पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं होतं, बरोबरी दिली की झालं. इथं बरोबरी कुणालाच नको होती.

त्या दोन जेवणांच्या मधे, दिवेलागणीला, खांदेमळण झाली. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या सांजेला हळद-लोणी चोळतात. आमच्या बैलांनी वर्षभर जू बघितलं नव्हतं, पण रीत ती रीत. बाबांनी एकेका बैलाचा खांदा चोळला आणि दोघांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." भिंतीपलीकडून, त्याच सुरात, अण्णांचाही आवाज आला. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

साहेब जागच्या जागी थांबले. "हे तुम्ही बैलाला म्हणता?"

"हाव. दरसाल. बिनआवतणाचं कुणी जेवाया येतंय का?"

"आणि भावाला आवतण कवा दिलं व्हतं शेवटचं?"

साहेबांच्या तोंडून निलंग्याची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. बाबा पुन्हा खांदा चोळायला लागले, चोळून झालेलाच.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना सगळं गाव वेशीशी जमलं. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. पोलीस पाटील घाम पुसत होता. दोन्हीकडच्या पोरांनी काठ्या कडब्याच्या गंजीत खोचून ठेवल्या होत्या, आणि हे दोन्हीकडच्या पोरांना माहीत होतं. साहेब आले ते काळा बंद गळ्याचा कोट घालून आणि छातीवर ते पदक लावून. मी ते पहिल्यांदाच बघत होते. पांढऱ्या मिन्याचं, निळ्या फितीतलं, आमच्या बैलांच्या गोंड्यांपुढे अगदीच साधं. त्यांना वेशीशेजारी खुर्ची दिली होती. ते उभेच राहिले.

"मंडळी, म्या निलंग्याकडचा. माझ्या बी बापाचे बैल व्हते," ते म्हणाले. "ज्या देशानं मला ह्ये पदक दिलं, तिथल्या मिरवणुकीत सगळ्यांत मोठा माणूस कुठं चालतो ठावं हाय का? सगळ्यांत शेवटी. ल्हान माणसं पुढं, थोर मागं. आता तुम्ही सांगा. सभेला आमदार कवा येतो?"

"शेवटी!" गाव एका आवाजात म्हणालं.

"मांडवात नवरदेव कवा येतो?"

"शेवटी!"

"मंग थोर मान कुणाचा?"

गाव विचारात पडलं. आमदाराचा दाखला बिनतोड होता, तासन्‌तास उन्हात बसून प्रत्येकानं तो अनुभवला होता. "शेवटच्याचा," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. मला हसू आवरेना. साहेबांनी एका दमात गावाचा मान उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला होता. आता दोघांतला एक शेवटचा मान घेईल, एक पहिला, आणि दोघंही घरी जाऊन जिंकलो म्हणतील.

साहेबांना परदेशातली माणसं ठाऊक होती. जळकोटकडची माणसं मी ओळखते, आणि तरी मलाही पुढचं सुचलं नव्हतं.

वेशीसमोर उभ्या असलेल्या बाबांनी कासरा ओढला आणि आपली जोडी मागं घेतली. अण्णांनी आपली त्याहून मागं घेतली. बाबा अजून मागं. वर्षानुवर्षं पुढं जाण्यासाठी डोकी फोडलेली ती दोन माणसं आता बैलांना मागं रेटत गर्दीतून उलटी चालली होती. मधली जनावरं बिथरली, बायका ओट्यावर चढल्या. वेस मोकळी पडली आणि तिच्यातून जायला कुणीच तयार नव्हतं. मागं सरता सरता दोघं पार टोकाला पोचले, तिथं मेंबर आपली जोडी घेऊन उभे होते.

"अण्णा, दोघं भाऊ इकडं कुठं?" मेंबर म्हणाले, आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "साहेब, ह्या जागेचा मान एवढा थोर हाय, ह्ये आमच्या आज्याला कुणी सांगितलं न्हाई. त्यो मरस्तवर हितंच हुबा ऱ्हायला. माझा बाप बी हितंच. आता कळलंच हाय, तर आम्ही काय जागा सोडत न्हाई."

गाव खदाखदा हसलं. मग हसणं एकदम थांबलं, कारण मेंबर हसत नव्हते.

साहेब गर्दीतून वाट काढत टोकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी मेंबरना हात जोडले. "मेंबर, शेवटच्या जागेवर कोण हुबा हाय, ह्ये मी बघितलंच न्हाई. चुकलो. जागा तुमची, मान बी तुमचा." मग त्यांनी बाबांकडे आणि अण्णांकडे एकदा बघितलं आणि परत वेशीपाशी येऊन खुर्चीत बसले. मी शेजारी उभी होते. "संपलं," ते मला म्हणाले. "माझ्याकडं आता काही नाही."

पहिल्या जागेचा मान गेला होता आणि शेवटच्या जागेचा धनी निघाला होता. बाबा आणि अण्णा टोकावरून परत सरकत वेशीजवळ आले आणि मधल्या मधे अडकून, बैलांसकट, समोरासमोर उभे राहिले. भांडायला काही शिल्लकच नव्हतं. गंजीतल्या काठ्यांजवळची पोरंसुद्धा आपण नेमकं कशासाठी थांबलोय या विचारात पडली होती.

तेवढ्यात अण्णांच्या लाल कंधारीचं बाशिंग घसरून डोळ्यावर आलं. बैल मान झटकायला लागला. अण्णांचा मोडलेला हात पुरता वर जात नव्हता. बाबांनी हातातला कासरा सोडला, पुढं झाले आणि बाशिंग सरळ केलं.

"अण्णा, गाठ ढिली हाय," बाबा म्हणाले.

"तुझ्या वैनीनं बांधली."

"तिला कवा जमलंय ते."

किती वर्षांनी ऐकत होते, आणि ऐकलं काय, तर काकूची गाठ. बाबा ती सोडून पुन्हा बांधायला लागले आणि खाली बघतच म्हणाले, "व्हा पुढं तुम्ही."

"तू हो."

"तुम्ही थोरले."

"तू ल्हान हाईस. ल्हान्यानं पुढं व्हावं, साहेबांनीच सांगितलं न्हवं?"

पहिल्यांदा तो हट्टच होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा म्हणताना आवाज बदलला. साहेबांनी माझा हात धरला. "बोलू नकोस," ते पुटपुटले. "हेच वाक्य पाहिजे होतं."

मग हलगी कडाडली. उभं राहून कंटाळलेली बाबांची देवणी जोडी, कासरा सुटलेली, आपल्या ओळखीच्या वेशीकडे निघाली. "आरं धर, धर!" अण्णा ओरडले, धावले, आणि चांगल्या हातानं त्यांनीच कासरा धरला. बैल थांबेनात, अण्णा सोडेनात. मागून लाल कंधारी घेऊन बाबा पळत आले. तोरणाखालून बाबांचे बैल अण्णांच्या हातानं गेले, आणि अण्णांचे बैल बाबांच्या हातानं. त्यांच्यामागं सगळं गाव गेलं, आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश, जोडीच्या दोन्ही बाजूंना हलगीवाले घेऊन, मेंबर गेले. तेवढी ऐट गावानं आमदाराचीही बघितली नव्हती.

मी आनंदानं साहेबांकडे वळले. ते खुर्चीत वाकून बुटाची नाडी बांधत होते.

पोळा झाला तसा नवा वाद निघाला. मान आधी गेला कुणाचा? बाबा म्हणत, बैल माझे. अण्णा म्हणत, कासरा माझ्या हातात. गाव दोन्हीकडून बोलायला लागलं. शेवटी ठरलं की साहेब सांगतील ते खरं, राष्ट्रीय सन्मानाचा माणूस आहे, वेशीला लागूनच बसला होता.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दार वाजलं. दारात बाबा आणि अण्णा. एकाच एसटीनं आले होते, एकाच बाकावर बसून, आणि भांडून दोघांचे आवाज बसले होते. साहेबांनी त्यांना बसवलं. चहाचे कप मी आणि साहेबांनी मिळून एकदम टेकवले.

"साहेब, निकाल द्या," अण्णा म्हणाले. "मान बैलाचा का कासऱ्याचा?"

"आधी कोण गेलं, त्ये तुम्ही डोळ्यानं बघितलं," बाबा म्हणाले.

"काय सांगू," साहेब म्हणाले. "माझी नाडी सुटली होती. मी वाकलो, आणि वर बघतो तर तुम्ही दोघंही आत. न बघितलेल्या गोष्टीचा निकाल कसा देऊ?"

दोघांनी चहा संपवला. मग जिना उतरताना पुन्हा त्यांचं सुरू झालं, ते खाली फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत, वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होतं. मी गच्चीच्या कठड्याला धरून ते सगळं ऐकलं. इतकं गोड भांडण मी आजवर ऐकलेलं नाही.

"साहेब," मी आत येऊन म्हणाले, "नव्या नाड्या कपाटातच आहेत ना अजून?"

ते हसले. मग त्यांनी मला त्या दाराचं सांगितलं, मला वाटतं, आयुष्यात प्रथमच कुणाला तरी. त्या लहान देशात दोन माणसं होती, एकमेकांचं तोंड न बघणारी. दोघांमागं बंदुका घेतलेली माणसं. बोलणी करायला दोघं कसेबसे तयार झाले, पण खोलीला दार एकच, आणि आधी आत कोण जाणार यावर सगळं अडलं. दोघांनाही चालेल असा दाराशी उभा राहणारा परका माणूस म्हणून साहेबांना नेमलं होतं. ते दोघं एकदाचे आत गेले. बाहेर दोन्हीकडची माणसं साहेबांवर तुटून पडली की आधी कोण गेलं सांग.

"आणि तुम्ही?"

"मी नाडी बांधत होतो," साहेब म्हणाले. "आत त्यांची बोलणी तीन दिवस चालली. बाहेर मी तीन दिवस तेच सांगत होतो. त्याचं हे पदक."

"पण खरं तुम्ही बघितलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विचार करू," ते म्हणाले.

साहेब गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ते टापटीप होते, आणि दवाखान्यातसुद्धा डॉक्टरला आपल्या उंचीच्या स्टुलावर बसायला लावत. मुलं आली, सामान काढलं. सागवानी खुर्ची थोरल्यानं नेली, पदक मुलीनं. लाल प्लास्टिकची खुर्ची कुणालाच नको होती. ती मी एसटीच्या टपावर टाकून गावी आणली.

आमच्या पोळ्याला आता तीच रीत झाली आहे. बाबांचे बैल अण्णा नेतात, अण्णांचे बाबा, आणि शेवटच्या जागेला मेंबर कुणाला हात लावू देत नाहीत. वेशीशेजारी ती लाल खुर्ची असते आणि तिच्यात मला बसवतात. साहेबांची शिष्या, निकाल देईल, असं गावाला वाटतं. दोन्ही जोड्या तोरणाशी आल्या की मी खाली वाकते.

"काय गं पोरी, बघितलंस का? आधी कोण?" तोरण ओलांडून अण्णा विचारतात, धापा टाकत, दरसाल.

"नाही अण्णा. नाडी बांधत होते."

अण्णा माझ्या पायांतल्या चपलांकडे बघतात. बराच वेळ बघतात. मग वळून बाबांना म्हणतात, "चल रं घरला. जेवाया आवतण हाय तुला."